प्रयुक्ताचे आत्मनिवेदन

माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात तीस प्रयुक्त आहेत. त्यांतले अकरा शालिकभाऊ आहेत.

हे एवढं लिहायला मला सोळा वर्षं लागली, तेव्हा ते एका वाचनात कळलं नाही तर वाचकाने रागावू नये. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या असतात. एकीवर प्रयोगकर्ता, दुसरीवर प्रयुक्त. प्रयोगकर्ता सूचना वाचतो, घड्याळ दाबतो, चुका मोजतो. प्रयुक्ताने सांगितलेलं करायचं. मला असे तीस वेगवेगळे लोक गाठायचे होते. अमरावतीच्या उन्हात फिरून मी एकोणीस गाठले आणि थकले. उरलेले अकरा प्रयोगशाळेतच होते, हातात फडकं घेऊन.

शालिकराम हे त्यांचं नाव. कॉलेजात सगळे शालिकभाऊ म्हणायचे. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, शिक्षण नववी पास, अंगाने उंच आणि काटक. खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, आणि कानावर पेन्सिलीचा तुकडा. मूळचे अकोल्याच्या बाजूचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरचे. अमरावतीत एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारच्या गाडीने घरी पळायचे. सोमवारी येताना पिशवीत भावाच्या मळ्यातली मेथी असायची. ती ते प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून निवडायचे आणि जुड्या करून ज्याला त्याला द्यायचे. सरांना मोठी जुडी, आम्हा मुलींना लहान. मग टेबल ओल्या फडक्याने पुसून त्यावर आरसा मांडायचे. आमच्या जर्नलांना कधीकधी मेथीचा वास यायचा.

प्रयोगकर्त्याच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. लॅब रिकामी असली तरी नाही. बसायचे ते प्रयुक्ताच्या खुर्चीवर, आणि बसायच्या आधी विचारायचे, "आज मी कोन हाय जी?"

मी यादी बघून सांगायची. "आज तुम्ही क्रमांक तेवीस. वय चौतीस, स्त्री, गृहिणी, राहणार वरूड."

"वरूडची बाई," असं म्हणत ते पदर सावरावा तशी कॉलर सारखी करायचे. "घरी संत्र्याचा बगीचा हाय का?"

"ते लिहायला जागा नाही हो फॉर्मात."

"तरी माईत पायजे ना. बगीचावाली बाई दमानं करते."

मी हसायची आणि घड्याळ दाबायची. तेव्हा त्यात काही वाईट आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर आठ फोटो होते, मानसशास्त्रातल्या थोर मंडळींचे. कधीतरी काचा बदलताना खालच्या नावांच्या पट्ट्या गेल्या, आणि तेव्हापासून कोण कोणता हे आमच्या विभागप्रमुख सरांनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. शालिकभाऊंना येत होतं. मात्र परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून गावात जशी माणसाच्या कामावरून ओळख सांगतात तशी त्यांनी या मंडळींची सोय लावली होती. सर इतिहासाचा पेपर सनावळ्यांनी शिकवायचे आणि आम्ही डोळे उघडे ठेवून झोपायचो. त्यानंतर प्रॅक्टिकलला आलो की शालिकभाऊ फोटो पुसता पुसता तोच पेपर पुन्हा घ्यायचे.

"हा दाढीवाला पाहा. हा टोल्यावाला. जगातली पयली लॅब यानं काढली. टोला वाजवे अन् समोरच्या माणसाले इचारे, आत काय झालं थे सांग. बस, तेवढंच इचारे. अन् हा कुत्र्यावाला. कुत्र्याले खायाले द्याच्या अगुदर घंटी वाजवे. मंग नुसती घंटी वाजोली तरी कुत्र्याच्या तोंडाले पानी. आपल्या इथी बेल झाली का सर लोकाइले चहा आठोते, थ्यातलाच प्रकार."

व्हिएन्नाचा डॉक्टर त्यांच्या हिशेबी दिवाणवाला होता, कारण तो लोकांना दिवाणावर आडवं करून स्वप्नं विचारायचा. "आमी मायले सपन सांगतलं तं माय मने, उपाशी झोपला होता काय रे. थ्याची फी नोती." उंदराला पेटीत घालून दांडी दाबायला शिकवणारा तो पेटीवाला. एका बाईंचाही फोटो होता, अगदी शेवटी, झाडू ठेवायच्या कपाटाजवळ. या बाईंनी सगळा अभ्यास पुरा केला, परीक्षा दिली, पण बाई म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. सर शिकवताना हे एका ओळीत उरकायचे. शालिकभाऊंनी एका सुट्टीत तो फोटो तिथून काढून मधोमध, टोल्यावाल्याच्या शेजारी लावला. सरांच्या ते चार महिन्यांनी लक्षात आलं. त्यांनी विचारलं तेव्हा शालिकभाऊ म्हणाले, "तिथी झाडूची धूळ उडत होती जी."

पण त्यांचा लाडका वेगळाच होता. त्या जर्मन माणसाने विसरण्याचा शोध लावला. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या करून तो स्वतःच पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलं ते स्वतःच मोजायचा. वर्षानुवर्षं. "याले कोनी प्रयुक्त भेटला नाई," शालिकभाऊ म्हणायचे, आणि बाकीच्या काचांवर एकदा फिरणारं फडकं या काचेवर दोनदा फिरायचं. "सोताच मास्तर, सोताच प्रयुक्त. पाठ करे तोही हाच अन् विसरे तोही हाच."

परीक्षेत मी कुत्र्यावाला आणि दिवाणवाला आठवून त्यांची खरी नावं लिहिली आणि त्या पेपरात पहिली आले. निकाल लागला तेव्हा पेढे सरांना दिले.

आता आरशाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. या प्रयोगात कागदावर दुहेरी रेघेची एक चांदणी छापलेली असते. पुढे आरसा उभा असतो आणि मधे पट्टी असते, म्हणजे स्वतःचा हात दिसत नाही, दिसतो तो आरशातला. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. वर न्यायला जावं तर हात खाली येतो. रेघेला लागलं की एक चूक. पहिल्या फेरीत माणूस अगदी वेडावतो, आणि फेरीगणिक चुका कमी होत जातात. त्यावरून माणूस कसा शिकतो त्याचा आलेख काढायचा.

शालिकभाऊ तेव्हाच वीस वर्षं त्या आरशासमोर बसत होते. बी.ए.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला ते माझे प्रयुक्त झाले. दर फेरीआधी ते विचारायचे, "कितवी?" मी सांगायची. त्यांच्या चुका यायच्या चोवीस, अठरा, तेरा, नऊ, सात, पाच. आलेख असा सुरेख उतरायचा की पाठ्यपुस्तकात छापावा. मग ते शेजारच्या टेबलावर बसले आणि तिथल्या मुलीचा आकडाही चोवीसने सुरू झालेला पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"शालिकभाऊ, तुम्ही मुद्दाम चुकता?"

"मंग काय! मी बराबर काढलं तं तुही रेघ सपाट येईन. बाहेरचा परीक्षक इचारीन, तुहा प्रयुक्त शिकला कुठी?"

"पण मग खरं किती येतं तुम्हाला?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग नवा कागद लावला, कानावरची पेन्सिल घेतली आणि आरशात बघत ती चांदणी एका दमात काढली. हात उचलला नाही, कुठे अडखळले नाहीत, रेघेला कुठे टेकले नाहीत. मी घड्याळ दाबायचंही विसरले. त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. "हे कोनाले सांगू नोको पोरी. मंग मले कोनी प्रयुक्त मनून घेनार नाई."

मी कुणाला सांगितलं नाही. आज वाटतं, जे सांगायला हवं होतं ते नेमकं हेच होतं.

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी जर्नलमध्ये एक शीर्षक असतं, 'प्रयुक्ताचे आत्मनिवेदन'. प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताला विचारायचं, तुम्हाला काय वाटलं, मनात काय चाललं होतं. तो सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. टोल्यावाल्याने ज्या प्रश्नापासून हे शास्त्र सुरू केलं तोच हा प्रश्न. आम्ही कुणीही तो विचारत नव्हतो. सगळ्यांचं आत्मनिवेदन एकच असायचं, वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आलेलं: 'सुरुवातीला मला थोडी भीती वाटली, परंतु नंतर प्रयोगात गोडी वाटू लागली. प्रयोग करताना मला आनंद झाला.' माझं अक्षर चांगलं, म्हणून मी इतरांचीही लिहून द्यायची. शालिकभाऊंच्या नावाने मी अशी किती आत्मनिवेदनं लिहिली असतील, त्याची गणती नाही. जर्नल पुढे केलं की ते सही करायचे. सही करायला त्यांना वेळ लागायचा. पहिला श ते नक्षी काढावी तसा काढायचे, आणि आम्ही उभ्या उभ्या पाय बदलायचो.

पुढे मी एम.ए. झाले, एम.फिल. झाले, आणि त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पहिल्या दिवशी लॅबमध्ये गेले तर शालिकभाऊ स्टुलावरून उठून उभे राहिले. "या मॅडम." कालपरवापर्यंत मी पोरी होते. मी म्हणायला हवं होतं, शालिकभाऊ, मला तूच म्हणा. मी पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "फोटो जरा तिरके झालेत."

चौथ्या वर्षी विभागाची तपासणी करायला बाहेरची समिती आली. त्याच आठवड्यात मी वर्गात अमेरिकेतला तो विजेच्या बटणांचा प्रयोग शिकवत होते. एका प्राध्यापकाने साध्यासुध्या माणसांना बोलावलं आणि पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा धक्का द्यायला सांगितलं. धक्के खोटे होते, ओरडणं खोटं होतं, पण बटण दाबणाऱ्यांना ते खरंच वाटत होतं. तरी कोटातला माणूस 'पुढे चालू ठेवा' म्हणाला की बरेच जण दाबत राहिले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी असत्या तर?" मी एक क्षणही न थांबता सांगितलं, "मी उठून गेले असते."

तो मंगळवार होता. गुरुवारी समितीतल्या एका वयस्कर बाईंनी कपाटातले तीन प्रबंध काढून शेजारी शेजारी ठेवले. तीन संशोधक, वेगवेगळी गावं, वेगवेगळी माणसं. दर्यापूरचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधला कामगार, वरूडची गृहिणी. आणि सगळ्यांच्या चुका चोवीस, अठरा, तेरा, नऊ, सात, पाच. बाईंनी त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि सरांकडे बघत म्हणाल्या, "वऱ्हाडात सगळे इतके एकसारखे शिकतात का?" वरूडची गृहिणी माझ्या प्रबंधातली होती. कॉलर सावरणारी.

सरांनी संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यात माझी कायम जागेची मुलाखत होती. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नोंदी लॅबमध्ये परिचरच ठेवतात ना?" ते म्हणाले.

"नाही सर, नोंदी तर आम्ही..."

"ठेवतात," सर म्हणाले. "तसा त्यांचा एक जबाब हवाय. त्यांना कुणी काढून टाकणार नाही, दोन वर्षं राहिलीत त्यांची. तुमचं मात्र सगळं आयुष्य जायचंय. तुम्हीच लिहा. त्यांना तुमच्या कागदांवर सही करायची सवय आहे."

मी उठून गेले नाही. कोरा कागद घेतला आणि तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिलं. 'मी शालिकराम, प्रयोगशाळा परिचर, असे लिहून देतो की, काही प्रयुक्त अनुपस्थित असताना त्यांच्या जागी नोंदी मी संशोधकांच्या व अध्यापकांच्या नकळत भरल्या. यात अन्य कोणाचाही दोष नाही.' एवढं पुरेसं होतं. सरांनी एवढंच सांगितलं होतं. पण आत्मनिवेदन भावनेवर संपवायचं असतं, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की मी आणखी एक ओळ घातली: 'मला या गोष्टीचा मनापासून पश्चात्ताप होत आहे.' ती ओळ माझ्याकडे कुणी मागितली नव्हती. सरांनी ती वाचून मान हलवली. "छान. तुमची भाषा चांगली आहे."

लॅबमध्ये शालिकभाऊ टेबलावर उभ्या आरशाची काच पुसत होते. मी कागद टेबलावर ठेवला, वरच्या मजकुरावर तळहाताचा आडोसा धरला आणि सहीच्या जागेवर बोट टेकवलं.

"काय हाय मॅडम, आत्मनिवेदन काय?"

"हो," मी म्हणाले. "तसंच."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मग ती परत ठेवून खिशातलं पेन घेतलं. वाकले आणि श काढायला लागले. त्या दिवशी तो श संपता संपेना. मी खिडकीबाहेर कडुलिंबाकडे बघत उभी होते आणि मनात म्हणत होते, आटपा ना हो आता. सही झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काच पुसायला लागले.

मला कायम जागा मिळाली. शालिकभाऊंना सायकल स्टँडवर पाठवलं. फोटो उतरवले, भिंतीला रंग दिला. त्यांची शेवटची दोन वर्षं बिल्ले देण्यात गेली. मी स्कूटर लावायला गेले की ते उठून उभे राहायचे, एक बिल्ला हँडलला अडकवायचे आणि दुसरा माझ्या हातात द्यायचे. एक दिवस मी स्कूटर मागच्या फाटकापाशी लावायला सुरुवात केली. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना निरोप समारंभ नव्हता, कारण चौकशीचा कागद फाइलमध्ये होता. त्या दुपारी मला तास नव्हता, तरी मी वर्गात जाऊन बसले.

त्या जर्मन माणसाचा आलेख मी दरवर्षी फळ्यावर काढते. आपण बहुतेक सगळं लवकर विसरतो आणि थोडं उरतं ते बराच काळ टिकतं, असं तो आलेख सांगतो. अर्थ नसलेल्या अक्षरांपुरतं ते खरं असेल. मी लिहिलेला तो जबाब मला आजही स्वल्पविरामांसकट पाठ आहे.

आता मीच विभागप्रमुख आहे. आरसा माळ्यावर गेला, चांदणी संगणकावर आली. प्रयुक्ताकडून आधी संमतीपत्र घ्यावं लागतं. गेल्या महिन्यात मी ते संमतीपत्र वर्गात समजावून देत होते, तेव्हा एका मुलीने हसत विचारलं, "मॅडम, तुमच्या येळी तुमी प्रयुक्ताले खरंच इचारत होत्या का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि हसताना मला स्वतःची इतकी किळस आली की तास अर्ध्यावर सोडून मी बाहेर आले.

पुढच्या रविवारी बसने अकोल्याला गेले. ऑफिसातल्या पेन्शनच्या फाइलमधून पत्ता काढला होता. जुन्या शहरात मुलीकडे राहतात असं त्यात होतं. सोबत जुन्या जर्नलमधलं एक कोरं पान नेलं होतं, 'प्रयुक्ताचे आत्मनिवेदन' असं वर छापलेलं. या वेळी ते सांगतील ते लिहून घ्यायचं, खाली त्यांची सही घ्यायची आणि तो कागद माझ्या पत्रासह कॉलेजच्या त्या फाइलमध्ये लावायचा, असं मी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मनाशी घोकत होते.

दार मुलीनेच उघडलं. "तुमी लॅबवाल्या मॅडम काय? बाबा लय सांगत जाते तुमचं." काय सांगतात ते विचारायचा मला धीर झाला नाही.

शालिकभाऊ पडवीत चटईवर बसून मेथी निवडत होते. अंग वाळलं होतं, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर जाड चष्मा होता, पण गळ्याजवळचं बटण लावलेलं. मला पाहून त्यांनी उठायला हात टेकला. मी घाईने खाली चटईवरच बसले.

"फोटो कुठी हाय जी आता?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

लावलेत म्हणून सांगावं असं तोंडापर्यंत आलं होतं. "माळ्यावर," मी म्हणाले.

"बाईचाही?"

"तोही."

"उंदरं खातीन," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "थ्या पेटीवाल्याचीच असतीन."

चहा आला, प्यायला, कप आत गेले. मी मेथीची चार पानं खुडली. शेवटी म्हणाले, "शालिकभाऊ, तो जबाब मी लिहिला होता."

"माईत हाय."

"म्हणजे नंतर कळलं तुम्हाला?"

"नंतर कायले? तवाच वाचला. तुमी हात धरला होता थो वरून. समोर आरसा होता ना, थ्यात हाताखालचं दिसे. सगळ्या जिंदगीत उलटं वाचाची सवय मले. तुमचं अक्षरही मोठं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "शेवटची ओळ चांगली होती. पश्चात्तापाची."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. "मग सही काहून केली?" 'का'ऐवजी माझ्याही तोंडून वऱ्हाडी 'काहून'च निघालं.

"तीस वर्सं करत आलो. थ्या दिवशी नाई मनून तुमच्यापुढं भांडू काय?" त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "पन मी वाट पाह्यली जी. श काढाले किती टाइम लावला, आठोते काय? मनलं, आता इचारन पोरगी. शालिकभाऊ, तुमाले काय वाटते, असं इचारन. मंग मनलं, श संपला, आता ल संपेपर्यंत इचारन. नाई इचारलं तुमी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला माफी मागायला काहीतरी धरून ठेवता आलं असतं. मी पर्समधून जर्नलचं पान काढलं, चटईवर सरळ केलं आणि पेन उघडलं.

"आता विचारते," मी म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं ते सांगा. जसंच्या तसं लिहिते. कॉलेजात देते."

त्यांनी ते पान हातात घेतलं, चष्मा वर करून छापील शीर्षक वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं मिस्किल हसू आलं.

"आज मी कोन हाय जी?"

"तुम्हीच," मी म्हणाले. "शालिकभाऊ."

"अन् हे कोनाले पायजे? सर तं गेले. समिती गेली. मले तं नोको."

मी खरं ते बोलले. "मला पाहिजे."

त्यांनी मान हलवली. मेथीची पानं लागलेला हात धोतराला पुसला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पानाच्या तळाशी, प्रयुक्ताची सही असं छापलं होतं तिथे, सही केली. एका झटक्यात केली. श वर हात थांबला नाही.

"घ्या," कोरं पान माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "वरतं लिवा तुमी. तुमाले येते." आणि त्यांनी पुढची जुडी सोडली.